शेवऱ्याची घुंगुरमाळ

बुधवार, दिवेलागणीला

आज घाट चढून आमच्या अंगणात सायकलवाल्यांत सगळ्यांत आधी आली उदगीरची शबाना, मागून तिचा नवरा धापा टाकत. मी म्हणलं, "जावईबापू, बायकोनं मागं टाकलं की!" तो म्हणला, "रोजचंच हाय, आजी." लई हसलो. नवा रस्ता झाल्यापासून जुन्या घाटात गाड्या येत न्हाईत, म्हणून ही सायकलवाली येतात. पहिली आली त्याचा मान म्हणून मी आमच्या देवणी जातीच्या बैलाची, शेवऱ्याची, घुंगुरमाळ खुंटीवरून काढून शबानाच्या सायकलीला बांधली. बैलाची माळ दुसऱ्याला बांधत न्हाईत, हे माहीत असून का बांधली मी?

शबाना माळ वाजवत अंगणातून निघाली अन् शेवऱ्यानं दावं तोडलं. आवाज ओळखला त्यानं. पहिल्या धडकेत शबाना आडवी, दुसऱ्या धडकेत चाक पापडावानी मोडलं. मग शिंगं खाली घालून तिच्याकडं वळला. मी मुसळ घेऊन मधी शिरले, नाकाडावर तीन घाव घातले. रगत आलं. बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं वासरू माझं! तरी थांबेना. शेवटी सायकलीला बांधलेली माळ ओढून त्याच्यापुढं फेकली. तशी हुंगत उभा राहिला, थरथरत.

शबानाचं कोपर सोललं, बाकी धडधाकट. म्हणली, "आजी, त्याला मारू नका. दागिना त्याचा होता."

पोर वाचली, म्हणून शिरा केला, शेवऱ्यालाही चारला. येळवशीला, म्हंजी वेळा अमावस्येला, शेतात आंबील प्यायला येतो म्हणले दोघं, अन् माळ शेवऱ्याच्या गळ्यात बघायला.