नाव त्याचं घे

माय,

आज माझ्या पिंप्राळ्याच्या घरी एक बाई मदत मागायला आली होती. नवऱ्याने तिला पेटवायला रॉकेल ओतलं होतं. आता कोर्टाने त्याला तिच्या घराकडे फिरकायला मनाई केलीय. हुकमाचा कागद पदराखाली धरून ती म्हणाली, "ताई, पण हे आमच्या गल्लीला कोण सांगणार?" तू इतकी आठवलीस की गॅसवरचा चहा उतू गेला.

पिंपळनेरजवळचं आपलं गाव, मी दहावीत. लग्नाला नाही म्हटलं म्हणून गावातल्याच त्या पोराने माझ्या खांद्यावर विळा चालवला. धुळ्याच्या कोर्टाने जामीन दिला तो अटीवर, खटला संपेपर्यंत गावात यायचं नाही. तरी तो खुशाल पारावर येऊन बसायचा, मी साक्ष देऊ नये म्हणून. पोलीस पाटील त्याचाच चुलता, तो कशाला तोंड उघडतोय! तू वकिलांना विचारलंस, "मंग गावले कोन सांगी?" ते नुसते हसले.

तू घरी आलीस ती कोतवालाला घेऊनच. दवंडी म्हटल्यावर मी किंचाळले, माझी अब्रू वेशीवर टांगू नकोस म्हणून. तो बिचारा दारातच घुटमळला. तू त्याला म्हणालीस, "नाव त्यानं ले. मनी पोरनं लेवानं नही. तिनी काय गुन्हा कया?"

ढोल वाजायला लागतो, मग खणखणीत त्याचं पूर्ण नाव. "कोर्टना हुकूम शे हो! त्यानी गावना शिवमा पाय ठेवाना नही. ज्याले दिसी त्यानी सांगानं!" मी गोधडीत तोंड खुपसून तुला शिव्या घालतेय.

पुढच्या बाजाराला तो एस.टी.तून उतरला, तर हापशीवरच्या बायकाच ओरडल्या, "तुले बंदी शे ना रे?" आल्या गाडीने परत गेला. मी साक्ष दिली. त्याला शिक्षा झाली. साक्षीच्या दिवशी कोर्टाबाहेरच्या बाकावर तू भाकरीचं फडकं सोडून बसली होतीस, आणि माझ्याआधी घास घेतला नाहीस.

त्या बाईला मी काय सांगितलं असेल, ओळख. उद्या तिच्या गल्लीत मी जातेय, दार न् दार. तू सोबत असतीस तर किती बरं झालं असतं, माय.

हे कुठे धाडू? पण एक राहिलंच. त्या दिवशी मी सगळा वेळ गोधडीत नव्हते. ढोल लांब गेल्यावर दाराच्या फटीतून पाहिलं. कोतवालाने त्या पोराच्या घराची गल्ली टाळू नये म्हणून तू मागोमाग चालली होतीस, अनवाणी, एकटी. मला धावत येऊन तुझा हात धरायचा होता.