शुक्र पाठीशी आहे

प्रिय वर्षाली,

परवा संध्याकाळी शुक्राची चांदणी दिसली. संत्र्याची गाडी घेऊन कारंज्याहून अमरावतीकडे निघालो होतो. तुझ्या तळेगावच्या अलीकडे सूर्य बुडाला आणि समोरच्या काचेत, बरोबर तुझ्या गावावर, ती लागलेली! मी गाडी बाजूला घेतली, उतरलो आणि ओरडलोच. गाडीवरचा मोतीलालभाऊ घाबरून म्हणाला, "काऊन बे, टायर बसला का?" म्हटलं, "नाई भाऊ, लोप सुटला!"

या लोपावरच तर तुझ्या बाबांनी मला हिवाळ्यात वाटेला लावलं होतं. ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, चहा नाही. म्हणाले, "शुक्राचा लोप चालू आहे, पोरा. शुक्र दिसत नाई तोवर आमच्यात लग्नाची गोष्ट काढत नाई. उगवला की येजो." सरांशी भांडून, खुर्ची आपटून दुसऱ्या वर्षालाच कॉलेज सोडणारा मी, त्या दिवशी मुकाट्याने पायऱ्या उतरलो. कारण आर्वीला कॉलेजच्या गच्चीवर तूच सांगितलं होतंस, शुक्र हा तारा नाही, ग्रह आहे. तो कुठे जात नाही, सूर्यामागे गेला की आपल्याला दिसत नाही एवढंच. वर टोमणाही मारलास, "तुझ्यासारखा उतावळा नाई तो." मग मीही रोज मावळतीकडे बघत थांबलो.

मधेच तुझ्या मैत्रिणीकडून, छायाकडून कळलं की लोप चालू असतानाच अमरावतीचा बँकवाला मुलगा तुला बघून, पोहे खाऊन गेला. म्हणजे लोप फक्त माझ्यासाठी! डोकं असं तापलं की गाडीची चावी घेऊन निघालोच होतो. आईने दारातच अडवलं. म्हणाली, "भांडू नको, तिच्या बाबाच्याच पंचांगाने बोल. समोर शुक्र असला की नवी नवरी सासरी जात नाई. पाठीशी असला तर चांगला."

आता तूच बघ. पोळ्यापर्यंत तरी शुक्र संध्याकाळी पश्चिमेलाच राहणार. अमरावती तुमच्या पश्चिमेला, म्हणजे तिकडे जाताना तो थेट डोळ्यांत. कारंजा पूर्वेला, म्हणजे इकडे येताना तो पाठीशी. तुझे बाबा तर पंचांग बघितल्याशिवाय बोअरही मारत नाहीत. काल सकाळी ओट्यावर जाऊन हे सगळं आवाज न चढवता सांगितलं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. मग आत हाक मारून चहा मागवला. म्हणाले, "वाटला तेवढा बिनडोक नाईस तू." वर्षाली, मी तो चहा बशीत ओतून, पुरवून पुरवून प्यायलो. गड जिंकला असं समजूनच घरी आलो.

आणि रात्री छाया तुझा निरोप घेऊन आली. तुझ्याच आवाजात, हात नाचवत म्हणाली, "त्याले म्हण, शुक्राले विचारलं, बाबाले विचारलं. मी का संत्र्याची पेटी आहो, कोण्या दिशेले उतरवायची ते तुम्ही ठरवून राह्यले?"

आई हसत सुटली. मी मात्र फोन उचलून परत ठेवला. फोन केला असता तर भांडलो असतो, म्हणून कागद घेतला. हे पत्र तेवढ्या एका प्रश्नासाठी आहे. वर्षाली, माझ्याशी लग्न करशील? आधी एम.एस्सी. करायचं असेल तर आधी ते, मग शुक्र पुढे असो की मागे. आणि मी नको असेन तर तसं सांग. ओट्यावर येऊन तमाशा करणार नाही, आईची शपथ. पत्र छाया आजच पोचवते म्हणाली. उद्या दिवस मावळताना माझी गाडी तळेगावच्या फाट्यावरून जाईल. तिथे हळू करीन, थांबवणार नाही. तू उभी असलीस तरच थांबवीन.

ब्रेक आजच नीट करून घेतलेत.

तू म्हणशील तर तुझाच,
ऋतिक