चौकापर्यंत आलेली बस

४ फेब्रुवारी
आजही रस्त्याचं काम बंद. विजेवरची बस स्टेशनापासून चौकापर्यंत धावते. चौकापासून आमच्या गल्लीतून वेशीपर्यंतचा बसचा वाढीव रस्ता दिवाळीआधीच व्हायचा होता. झाली ती फक्त खोल खणलेली चारी, आमच्या उंबऱ्याला खेटून.
सुलू वॉकर घेऊन दारापर्यंत येते, चारी बघते, मागे फिरते. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांचं एकच पालुपद, त्यांना चालवा, नाहीतर बसतील त्या बसतील. कुठं चालवू? दोन खोल्यांत?
जन्मभर एसटी चालवली. अकोले तालुक्यातल्या घाटात दरड पडली तरी गाडी काढली. आणि बायकोला घराबाहेर काढता येत नाही मला.

१६ फेब्रुवारी, रविवार
चर्चमध्ये उपासनेला एकटाच गेलो. सुलूच्या जागी पेटीवर कॉलेजातली एक पोरगी बसते आता. घरी आल्यावर सुलूनं विचारलं, कशी वाजवते. बरी वाजवते म्हणालो. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बेसूर वाजवते म्हणायला काय जात होतं माझं!

२ मार्च
कामावरचा सुपरवायझर पोटे भेटला. चहा पाजला, वर दोन तास त्याचंच ऐकून घेतलं. पाइपवाले आल्याशिवाय रस्तेवाले हात लावणार नाहीत, केबल हलल्याशिवाय पाइपवाले येणार नाहीत, आणि केबल कोणाची तेच ठरत नाहीये.
‘काका, तुमच्यापेक्षा मलाच लई घाई हाय,’ म्हणाला. चेहऱ्यावरून तर वाटत नव्हतं.

२१ मार्च
रस्ता नाही, बस नाही, पण बसथांबा आला! चारीच्या पलीकडे, बरोबर आमच्या दारासमोर. स्टीलचा बाक, वर छप्पर, खाली गुळगुळीत फरशी. पोटे म्हणतो थांब्याचा ठेकेदार वेगळा, त्याला मार्चअखेर काम दाखवायचं होतं. सुलू हे ऐकून पोट धरून हसली. केवढ्या दिवसांनी.
शेजारचे गादीवाले शकूरभाई लगेच कामाला लागले. दोन फळ्या एकत्र ठोकून चारीवर टाकल्या, एका बाजूला धरायला बांबू. सुलूला म्हणाले, ‘भाभी, थांबा तुमच्या दारात आलाय, चार पावलं तुम्ही टाका.’ टाकली तिनं. मी खाली चारीत उतरून उभा होतो, पडली तर झेलायला.

३० मार्च
रोज संध्याकाळी थांब्यात. या टोकापासून त्या टोकापर्यंत वॉकरनं फेऱ्या, मग बाकावर टेकते. जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारते, वेशीची बस गेली का? लोक हसतात, दोन मिनिटं थांबतात. कोणी भाजी निवडायला घेऊन बसतं. पाय सुधारतोय, मला दिसतंय.
वेशीकडची बस चर्चवरून जाणार. हे ती उठता-बसता सांगते.

२० एप्रिल, ईस्टर
गल्लीतल्या चौघांनी खुर्चीत बसवून चौकापर्यंत उचलून नेलं, तिथून रिक्षा. पहाटेच्या उपासनेत सुलू पुढच्या बाकावर. पेटीवरची पोरगी उठून जागा देत होती, हिनं नको म्हटलं. नंतर म्हणाली, अजून फार वेळ बसवत नाही, नाताळला वाजवीन.
परत येताना फळीवर एकाचा पाय सटकला, खुर्ची कलंडली. पडली नाही, पण घरात आल्यावरही खुर्चीचे हात सोडेना. संध्याकाळी निवांत बसल्यावर म्हणाली, ‘आता मला कोणी उचलायचं नाही. उचलून नेतील ते एकदाच.’


६ जून
थांबा काढला. खालून गटाराची लाइन जाणार म्हणे, थांबा मागाहून दुसरीकडे लावतील. गॅस कटरनं बाक कापला. सुलू दारात उभी राहून बघत होती. मी पोटेला नाही नाही ते बोललो. तो बिचारा खाली मान घालून उभा. त्याला ओरडून काय मिळालं मला?

२९ जून, रविवार
फळ्यांवर शेवाळ. बाहेर जायचं नावच नाही.
उपासनेनंतर चर्चचे पाळक चिखल तुडवत घरी आले. ज्यांना चर्चला येणं होत नाही अशा आजारी-म्हाताऱ्यांना ते घरी जाऊन प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस देतात. सुलूला म्हणाले, ताई, तुमच्याकडेही येत जाऊ का? सुलूनं त्यांना आधी चहा दिला. मग म्हणाली, ‘मी आजारी नाही पाळकसाहेब. आजारी तो रस्ता आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करा.’
तिघंही हसलो. ते गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली. मला कळतं ना. घरच्या प्रभुभोजनाला हो म्हटलं की चर्चच्या बाकावरची जागा संपली.

१४ ऑगस्ट
पुण्याहून प्रदीपचा फोन. पप्पा, घर बंद करा, मम्मीला घेऊन इकडे या, सोसायटीत लिफ्ट आहे, खाली बाग आहे. पोरगा चुकीचं काय बोलतोय? सुलूनं फोन घेतला आणि सांगितलं, नाताळ होऊ दे, मग बघू.
दुपारी पेटी काढून बसली होती. नाताळची गीतं, ऑगस्टात. शकूरभाईंनी कापूस पिंजायची मशीन बंद ठेवली तेवढा वेळ.

९ सप्टेंबर
रस्त्याच्या कामाच्या ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, दिवाळीपर्यंत. मी म्हणालो, साहेब, कोणत्या? त्यांना राग आला, मग मलाही आला. शिपायानं बाहेर आणून सोडलं. या वयात. घरी सांगितलं, साहेब भेटलेच नाहीत.

१२ ऑक्टोबर
पेटी बरेच दिवस उघडलेली नाही. पाय बारीक झालाय, साडीच्या निऱ्यांतूनसुद्धा कळतं. चल, खोलीतल्या खोलीत चालू म्हटलं की उद्या म्हणते. आज बघतो तर वॉकरवर ओले टॉवेल वाळत घातलेले. तिनंच.
बाहेर येऊन चारीत थुंकलो.

८ नोव्हेंबर
पाइपवाले आले, खणून गेले. पाइप आले नाहीत.
आतून पोखरल्यासारखं झालंय. पुण्याला न्यावं तर तिथं हिला कोण ओळखतं? इथं ठेवावं तर इथं तरी कोण दिसतंय हिला, मी सोडून?

७ डिसेंबर, रविवार
उपासनेहून आलो तर मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, ‘पाळकांना सांगा, पुढच्या रविवारी प्रभुभोजन घेऊन घरी या म्हणावं.’
मी म्हणालो, अगं, नाताळ तोंडावर आलाय, बघू की, मी आणि शकूरभाई काहीतरी करतो, फळ्या नव्या टाकू. ती काड्या बाजूला करत राहिली. मग म्हणाली, ‘रस्त्यापायी प्रभूला किती दिवस दाराबाहेर उभं करू, अहो?’
स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावली. रडायला आलं, रडलो.

९ डिसेंबर
सकाळी सकाळी मुरमाचा टेम्पो. मागं जेसीबी. पोटे स्वतः हजर, पाइप पण चारीत उतरवले. मला बघून लांबूनच म्हणाला, ‘काका, नाताळाच्या आत तुमचं दार मोकळं करून देतो. शब्द हाय माझा.’ शकूरभाईंच्या दुकानापर्यंत चारी बुजवलीसुद्धा. आमच्या दारापाशी आले आणि डिझेल संपलं. जेसीबी तिथंच उभा, सोंड आमच्या खिडकीकडे करून.
सुलूनं आतून विचारलं, कसला आवाज होता? जेसीबी आलाय म्हणालो. बरं म्हणाली. उठून बघितलंही नाही.
थोड्या वेळानं म्हणाली, पाळकांना फोन केला का?
लागत नाही म्हणालो. केलाच नव्हता.
‘उद्या लावा,’ म्हणाली.
पोटे डिझेल उद्या आणतो म्हणून गेलाय.