ओळ म्हटल्याशिवाय पुस्तक नाही

५ ऑगस्ट १९९६, सोमवार. सकाळी ६
पहाटे जाग आली ती अमळनेरच्या चौथीच्या वर्गाच्या आवाजाने. सत्तावन्न वर्षं झाली त्या आवाजाला. चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची आणि शेवटच्या ओळीला वरचे पत्रे थरथरायचे. तोच आवाज कानात घेऊन मी जळगावच्या या वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतरची सात वर्षं बिनपगारी, पण खुर्ची तीच, टेबलाजवळची.

माझा नियम साधा. प्रत्येक वाचकाला मी कवितेची एक ओळ ठरवून दिली आहे. टेबलाशी यायचं, आपली ओळ म्हणायची, मग पुस्तक. कार्ड हरवतं, चेहरा बदलतो, पाठ केलेली ओळ कुठे जात नाही. वाचकांना हे फार आवडतं. काही जण तर ओळ म्हणताना आनंदाने लालबुंद होतात.

काल वाचनालयाचा अध्यक्ष सुरेशचंद भेटला. अमळनेरला माझ्याच बाकावर बसायचा, आता कापडाचं मोठं दुकान आहे. म्हणाला, नाना, आपल्याकडे कॉम्प्युटर येतोय. मी म्हणालो, येऊ दे, कोपऱ्यात जागा आहे.
संकल्प: यंत्राशी सौजन्याने वागणे.

१२ ऑगस्ट
आलं. टीव्हीसारखा एक डबा, टाइपरायटरसारखी बटणं, आणि एक प्रिंटर, जो छापताना दात घासल्यासारखा आवाज करतो. चालवणार सुरेशचंदची धाकटी सून कुसुमलता. सहा महिन्यांचा कोर्स केलाय म्हणे. मी अडतीस वर्षांचा केलाय.

प्रत्येक पुस्तकाला आणि प्रत्येक कार्डाला काळ्या उभ्या रेघांची पट्टी चिकटवणार. पेनासारखं एक यंत्र आहे, टोकाला लाल उजेड. ते रेघांवरून फिरवलं की 'टीं' वाजतं आणि वाचकाचं नाव पडद्यावर येतं. मी विचारलं, आणि ओळ कधी म्हणायची? कुसुमलता म्हणाली, नाना, ओळीची आता गरजच नाही ना.
मुलगी लहान आहे. शिकेल.
प्रिंटरला जागा हवी म्हणून माझी खुर्ची खिडकीशी सरकवली. तात्पुरती, असं सुरेशचंद म्हणाला.

१९ ऑगस्ट
यंत्राची परीक्षा घेतली. कार्ड उलटं धरून दिलं. वाचलं. म्हणजे ते सुलट वाचतं आणि उलटंही तेच वाचतं. एखादी कविता अशी उलटी म्हणून दाखवा म्हणावं.

दुपारी दीड तास वीज गेली. माझा विजय. खुर्ची टेबलाशी आणली, ओळी म्हणवून घेतल्या, सात पुस्तकं दिली. नेमकं सांगायचं तर दोन. बाकीचे पाच जण वीज यायची वाट बघत व्हरांड्यात थांबले. आत उकाडा होता म्हणून असेल.

२६ ऑगस्ट. रात्री
कमिटीने ठराव केला: वाचकांकडून कविता म्हणवून घेण्याची प्रथा आजपासून बंद. एकमताने. आणि मांडला कोणी? सुरेशचंदने. ज्याला चौथीत अख्खं कडवं मी बाकाखालून पुटपुटून सांगायचो, त्याने. मी तोंडावर विचारलं. तर म्हणाला, "नाना, तेव्हाही मला कविता येत नव्हती. मार पडू नये म्हणून म्हणायचो."

आज निंबा असता तर कमिटीसमोर उभा राहिला असता. असोद्याचा केळीवाला शेतकरी, माझा सर्वांत रसिक वाचक. १९७४ साली कवितांचा एक संग्रह घेऊन गेला आणि पुन्हा आलाच नाही. सुरतेला गेला असावा. 'माळावरती उभा एकटा वारा पुसतो वाट कुणाची' ही ओळ मी त्याला दिली होती. निवडून दिली होती.

संकल्प: उद्यापासून असहकार. घरी बसणार. अंदाज असा की तीन दिवसांत वाचकांचं शिष्टमंडळ दारात येईल, खुर्चीसकट परत चला म्हणून. बायकोला, कुंदाला सांगून ठेवलं की एक लिटर दूध जास्त घे. ती म्हणाली, कशाला. बायकांना सार्वजनिक जीवन कळत नाही.

२९ ऑगस्ट
तिसरा दिवस. कोट इस्त्री करून ठेवला. कोणी आलं नाही. रस्त्यात चिखल आहे.
दूध नासलं.

३१ ऑगस्ट
आले. म्हणजे लोटन आला, वाचनालयाचा शिपाई. मागच्या कपाटाची किल्ली मागायला. हा धुळ्याकडचा, बोलायला मोकळा. वाचक अस्वस्थ असतील ना, असं विचारलं. म्हणाला, "नाही हो नाना, बठ्ठं बेस चालू शे. आते तर बाया बी येतस."
म्हणजे सगळं छान चाललंय, आता बायकासुद्धा येतात. लोटन मनाचा हळवा. मला वाईट वाटू नये म्हणून खरं सांगत नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार
कुंदा हल्ली देवळात फार जाते. पूर्वी मंगळवारी जायची, आता गुरुवारी आणि शनिवारीही. कापडी पिशवी घेऊन. या वयात भक्ती वाढते. माझ्या अपमानाची भरपाई व्हावी म्हणून नवस बोलली असेल, विचारलं नाही.
शिष्टमंडळ बहुधा पोळा झाल्यावर येईल.

९ सप्टेंबर
माझी छत्री वाचनालयात राहिली होती. केवळ छत्री आणायला गेलो. खुर्ची खिडकीशीही नव्हती. तिच्यावर आता प्रिंटरच्या कागदाचं खोकं आहे, आतल्या खोलीत.

कुसुमलता म्हणाली, नाना, बसा, गेल्या पंधरवड्याचा हिशेब बघा. प्रिंटरने दात घासत कागद बाहेर काढला. पुस्तकांची देवघेव दुप्पट. मी म्हणालो, यंत्र चुकतंय. मग तिने सगळ्यांत जास्त पुस्तकं नेणाऱ्यांची यादी दाखवली. पहिलंच नाव वाचून चष्मा पुसला. पुन्हा तेच नाव. कुंदाबाई. घरचा पत्ता माझा. दोन आठवड्यांत बारा कादंबऱ्या.
दोनदा तपासायला लावलं. दोन्ही वेळा 'टीं'.

घरी येऊन जाब विचारला. चाळीस वर्षांच्या संसारात मला वाटत होतं, हिला वाचनाची आवडच नाही. कुंदा भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी आले होते पुस्तकाला. तुम्ही सगळ्यांसमोर ओळ म्हण म्हणालात. मी अडखळले. जा, घरून पाठ करून ये, असं म्हणालात."
मग, मी म्हणालो.
"मग नाही आले. ते पेन काही विचारत नाही हो. नुसतं वाजतं."
घरचंच माणूस फितूर. आणि तिला मी ओळ सोपी दिली होती.

१४ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळी
पोळा होऊन गेला. पाच वाजता दार वाजलं. कानोसा घेतला. पावलं एकाच माणसाची. म्हणजे शिष्टमंडळाने आधी प्रतिनिधी पाठवला होता. टोपी घातली, कोट घातला, दोन वाक्यं मनात जुळवली, दार उघडलं.

म्हातारा माणूस. सदऱ्यावर केळीचे काळे डाग, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. मी ओळखलं नाही. अडतीस वर्षं जो सगळ्यांना ओळखत आला, त्या मी.
तो म्हणाला, "मी निंबा. असोद्याचा."

सुरतेला वगैरे गेला नव्हता. असोद्यातच होता, एस.टी.ने अर्ध्या तासावर, बावीस वर्षं. ओळ म्हणावी लागत नाही असं बसमध्ये कोणी सांगितलं, म्हणून आज पुस्तक परत करायला वाचनालयात गेला. पण या पुस्तकावर रेघा नाहीत. लाल उजेडाने तीनदा फिरून पाहिलं, वाजलंच नाही. यंत्राला हे पुस्तक माहीतच नाही. कुसुमलता म्हणाली, हे फक्त नानांच्या वहीत असेल, त्यांच्याकडे जा.

मी वर्तमानपत्र सोडलं. पाठपुठ्ठा नवा घातलेला. पान दुमडलेलं एकच, सतराव्या पानावर. त्याची ओळ तिथे आहे.
आतून कुंदाने विचारलं, कोण आलंय, चहा टाकू का. मी म्हणालो, दोन कप.

निंबाने चपला काढल्या, पण उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. हात वर्गात बांधतात तसे बांधले होते. म्हणाला, "आजून पाठ नही झाली, नाना. आत येऊ का?"