माझ्या नावावर काहीच नसल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
जिल्हा पर्यटन व जमीन-गुंतवणूक कार्यालय,
पश्चिम सुमात्रा.

अर्जदार : झुलबाहरी, पदवी सुतान पालिंदिह, नगारी कोतो सालायान. (गावात नेमका कुठे, यासाठी परिच्छेद ७ पाहावा.)

विषय : 'डोंगराआडची गावे' या पुस्तिकेत मला घरमालक केल्याबाबत, व मी कशाचाही मालक नसल्याचा शिक्क्यासह दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) सदर पुस्तिका, कोतो सालायानचे पान. २) तीच पुस्तिका, सुधारित आवृत्ती. (हिने जास्त नुकसान केले.)

महोदय,

१. पर्यटक आणि जमीन-खरेदीदार यांच्यासाठी काढलेल्या आपल्या पुस्तिकेत आमच्या गावाला एक पान मिळाले, याबद्दल प्रथम आभार. 'दुर्गम, शांत, धुक्यात बुडालेले गाव. रस्ता लवकरच' असे त्यात म्हटले आहे. 'रस्ता लवकरच' हे माझ्या सासूबाईंच्या आजीनेही ऐकले होते, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार खालच्या चौकटीबद्दल आहे. 'विक्रीस उपलब्ध : शिंगांसारख्या छपराचे जुने लाकडी घर, धान्याचे कोठार, माशांचे तळे, समोर दरी. मालक श्री. झुलबाहरी. स्वभाव मनमिळाऊ.' यात स्वभाव सोडला तर माझे काहीही नाही.

२. आपण जावाहून बदलून आलात म्हणून लिहितो, राग नसावा. आमच्याकडे घर, शेत आणि तळे आईकडून लेकीकडे जाते. पुरुष लग्न करून बायकोच्या घरी राहायला जातो. घरजावई हा शब्द आपल्याकडे टोमणा असेल. आमच्या गावात दुसऱ्या प्रकारचा जावई निपजतच नाही. त्याला मान असतो, जेवताना आधी वाढतात, पण घराबद्दल बोलायचे ते बायकांनी आणि त्यांच्या मामाने. जावई म्हणजे तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावरची राख, वारा आला की उडाली, अशी म्हणच आहे. मी सव्वीस वर्षे त्या बुंध्यावर न उडता बसलो होतो. वारा आपल्या कार्यालयातून आला.

३. आपले दोन कर्मचारी पाहणीला आले तेव्हा भातलावणी चालू होती आणि सगळ्या बायका खाचरात होत्या. मी घरी एकटाच कॉफी करत होतो. त्यांनी कुटुंबपत्रिका मागितली. तीत सरकारी नियमाप्रमाणे कुटुंबप्रमुख म्हणून माझे नाव सर्वांत वर असते. ती पत्रिका कपाटाच्या तळाशी असते, म्हणून आजवर कोणाचे बिघडले नव्हते. ती त्यांनी उतरवून घेतली, कॉफी प्यायले आणि "काका, जरा खांबाला हात लावून उभे राहा" म्हणाले. मी राहिलो. तोच फोटो छापला आहे. माझ्या मेव्हणीने तो गावभर नाचवला : "बघा, हात कसा ठेवलाय! जसा काय याच्या आईनंच खांब उभा केलाय!"

४. पुस्तिका निघाल्यावर जकार्ताचे एक जोडपे आले. ओट्यावर सुपारी कातरत बसलेल्या सासूबाई जवानिस यांना त्यांनी विचारले, "आजी, मालकांना भाडं किती देता?" सासूबाईंचा जन्म त्याच घरातला, त्यांच्या आईचाही. त्या उठल्या, आत गेल्या, माझे कपडे पिशवीत भरले आणि पिशवी जिन्याच्या खालच्या पायरीवर आणून ठेवली. आमच्याकडे याचा अर्थ विचारावा लागत नाही. मी पिशवी उचलून निघालो तेव्हा ते जोडपे "मालक बाहेरगावी चालले वाटतं" असे म्हणाले. तेही सासूबाईंनी ऐकले.

५. मग पत्नीचे मामा दातुक बंदारो यांनी बैठक बोलावली. चूक छापणाऱ्यांची आहे, असे मी सांगितले. मामा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही चोर नाही हे मला ठाऊक आहे. चोराला फोटोत एवढी ऐट जमत नाही. पण घाण कागदानं केली, ती कागदानंच पुसायची. इथं तुमचं काही नाही असं त्याच कचेरीतून लिहून आणा. शिक्क्यासकट." माझी पत्नी रोसमानिदार सर्वांना चहा देत होती. मला तिने पाहुण्यांच्या पेल्यातून दिला. बाकी सगळे सोसले साहेब, तो पेला सोसला नाही.

६. म्हणून मी आपल्या कार्यालयात आलो. खिडकीवरच्या बाईंनी सांगितले की मालमत्ता असल्याचा दाखला मिळतो. नसल्याचा हवा असेल तर जी नाही तिची कागदपत्रे जोडा. जी नाही तिची कागदपत्रे कुठून आणू, असे मी विचारले. त्यांना दया आली आणि त्यांनी मला गरिबीचा दाखला काढायला सांगितले. तो लगेच मिळाला, शिक्काही ठसठशीत. मोठ्या आशेने मामांच्या हाती दिला. त्यावर सासूबाईंचे म्हणणे असे पडले : "सव्वीस वर्षं माझ्या घरचं रेंदांग-भात ओरपलं आणि सरकारात दरिद्री म्हणून नाव लावलं? मी गावात तोंड कसं दाखवू?" म्हणजे आधी मी त्यांचे घर लाटले होते, आता अब्रूही घालवली. एक करायला गेलो, भलतेच होऊन बसले.

७. तेव्हा मी आपल्या कार्यालयाला फोन करून कळवले की मी त्या घरात राहत नाही, गावच्या नमाजघरात झोपतो. आपल्या माणसाने ते तत्परतेने टिपून घेतले. सुधारित आवृत्तीत घर माझ्या नावावर राहिलेच, शिवाय खाली नवी ओळ आली : 'याच मालकाची दुसरी वास्तू : नदीकाठचे प्रशस्त नमाजघर, विश्रामगृहास योग्य.' गेल्या शुक्रवारी पदांगचे एक गृहस्थ ऐन नमाजाच्या वेळी फीत घेऊन आले आणि मागच्या रांगेपासून मोजायला लागले. इमामसाहेब शांत गृहस्थ. ते एवढेच म्हणाले, "सुतान, अल्लाचं घर विकायच्या आधी निदान अल्लाला तरी विचारायचं होतंस." तेव्हापासून मी तिथेही नाही. सख्ख्या बहिणीने निरोप धाडला आहे की "ये, जेव, पण आमच्या खांबांना हात लावू नकोस." सध्या मी कुठे राहतो ते मुद्दाम लिहीत नाही. मी जिथे पथारी टाकतो तिथला आपण मला मालक करता, आणि ज्या गरिबाने मला आसरा दिला आहे त्याची म्हैस तरी वाचावी, अशी इच्छा आहे.

८. तरी विनंती की, सदर इसम खांब, फळी, खाचर, तळे व तळ्यातील मासे यांपैकी कशाचाही मालक नाही व कधी नव्हता, अशा मजकुराचा दाखला द्यावा. दुरुस्ती करताना माझ्या जागी पत्नीचे नाव मालक म्हणून घालू नये. घर साऱ्या घराण्याचे आहे, आणि तिला तीन बहिणी आहेत. दाखला माझ्या हाती न देता थेट घरी पाठवावा. आमच्याकडे निघालेला जावई आपल्या पायांनी परत जात नाही, पान-सुपारी घेऊन त्यांनीच आणायला यावे लागते. त्यांना यायला तेवढे एक निमित्त हवे आहे. त्या घरात माझे काही नाही असे मीच शिक्क्यासकट लिहून मागतो आहे, पण संध्याकाळ झाली की पाय तिकडे वळतात आणि तळ्याच्या बांधावरून मागे फिरतात. मला रोसमानिदारची आठवण येते. अर्जात असे लिहितात की नाही ठाऊक नाही, पण कारण दिल्याशिवाय अर्ज घेतला जात नाही, असे खिडकीवरच्या बाईंनी बजावले आहे.

आपला नम्र, आणि एवढ्यापुरता तरी स्वतःच्या सहीचा मालक,
झुलबाहरी, सुतान पालिंदिह
मंगळवार, दि. १० ऑक्टोबर २०२३

सोबत : १) पुस्तिकेची दोन्ही पाने. (पहिल्यावर सुपारीची पिंक आहे, ती सासूबाईंची प्रतिक्रिया समजावी.) २) गरिबीचा दाखला, परत करण्यासाठी.

अर्ज मामांमार्फत घरी पाठवून त्यावर घेतलेला घरच्या बाईचा शेरा :

वाचलं. यांच्या नावावर काही नाही हे खरं आहे. दाखला सावकाश पाठवा, घाई नाही. आज गुरुवार, माझा भाऊ पान-सुपारी घेऊन आत्ताच यांना आणायला निघालाय. आईला विचारलं तर ती हो म्हणाली नाही. पण तांदूळ तिनं एका माणसाचे जास्त धुतलेत.
— रोसमानिदार