बेलसरीचा अंगठा

मी टेकमान घर्ती, वय तेवीस, धंदा मिळेल तो, राहणार धुपीबोट, जिल्हा रोल्पा, नेपाळ (राहणार म्हणजे नावापुरता), डोकं जागेवर असताना आणि कोणाचा दम नसताना लिहून ठेवतो. परवा बोगद्याच्या कामाला जातोय. तिथल्या फॉर्मात वारसाचा रकाना होता. त्यात एकच नाव सुचलं.

१. घर, वरचं मक्याचं शेत आणि दोन बकऱ्या माझी जुळी बहीण बेलसरी हिला. खालचं शेत आईने बेलसरीच्याच नावावर केलं होतं. ते हर्कजित काकांनी "खताचा कागद आहे गं, उमटव" म्हणत तिचा अंगठा घेऊन लाटलं. मी तेव्हा पोखऱ्यात होतो. बसच्या पाटीवर वाचलेलं गावाचं नाव आवडलं म्हणून चढलो होतो. काकांना माझ्या घरातलं काही नाही, चुलीतली राखसुद्धा नाही.

२. आम्ही सहा वर्षांचे असताना गावात लहान मुलांचा वाचनवर्ग आला. आमच्याच मगर जमातीच्या बोलीतली पुस्तकं. जागा कमी, म्हणून घरटी एकच मूल. चिठ्ठी बेलसरीने उचलली, नाव माझं निघालं. ती बकऱ्यांमागे गेली. त्यातलं एक पुस्तक फळीवर आहे, तेही तिचंच.

३. फोनवर आम्ही "जेवलास?" "जेवलो" याच्यापुढे जात नाही, म्हणून मी पत्रं लिहायचो. यंदा आलो तर सगळी कोठीत, न फोडलेली.

"फोडली का नाहीस?"

"वाचणार कोण? काका? तुझं दुःख गावाला ऐकवू?"

"दुःखच आहे कशावरून?"

"सुखात असतास तर लिहिलं असतंस होय, शहाण्या!"

ती पत्रं तिची. दुसऱ्या कोणी फोडू नयेत.

४. वाचनवर्गातल्या मुलांचं पुढे काय झालं, हे विचारायला अधूनमधून एक बाई येतात. मी सापडत नाही. त्यांना सांगावं, मला सगळ्या पाट्या वाचता येतात, म्हणून कुठेच टिकत नाही. बेलसरी त्यांच्या यादीत नाही. तिलाही विचारावं.

५. यापुढे बेलसरीने अंगठा द्यायचा प्रत्येक कागद, एकमेकांशी न बोलणाऱ्या दोघांनी तिला वेगवेगळा वाचून दाखवावा. दोघांचं जुळलं तरच अंगठा. पहिला कागद हाच.

तो आज सकाळी मास्तरीणबाईंनी वाचला, दुपारी गिरणीवाल्यांनी. जुळलं. दोन्ही वेळा बेलसरीने एकच विचारलं, "परत कधी येणार, ते कुठे लिहिलंय?"

दोघांनीही आपापल्या वेळी कागद पुन्हा वरपासून पाहिला.

सही : टेकमान घर्ती
अंगठा : बेलसरी (जागा अजून रिकामी)
साक्षीदार : पूर्णकला बुढा, मास्तरीण
साक्षीदार : कमान पुन, गिरणीवाले (सही वेगळी येऊन केली)
धुपीबोट, ४ मंसिर, विक्रम संवत २०८२