झाकलेली ओळ

४ मार्च
चौकटी पुन्हा एकमेकींवर चढल्या! आम्ही हॉस्पिटलच्या वॉर्डसाठी संगणकावरचं पान बनवतोय. रुग्णाची माहिती येईल तशी त्याची चौकट आपोआप तयार होते. पण मजकूर उशिरा पोचतो, तोवर पानाने चौकटीची उंची मोजून टाकलेली असते. आमचे प्रमुख — पाठीमागे आम्ही त्यांना घाईसाहेब म्हणतो — "अगं, उद्या दाखवायचंय. दिसायला नीट कर, बस!"

५ मार्च
केलं. सगळ्यांना एकच उंची, जास्तीचा मजकूर झाकला. चौकटी कशा शिस्तीत उभ्या! टाळ्या पडल्या.
आईचा फोन. "दिवसभर चौकटी मांडतेस? मी भांडी मांडते, मला कोण पगार देतं!" मग हळूच, "बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत, पोरगी दवाखान्याचं काम करते."
घरातली पहिली पदवी माझी. कुणाच्या उपयोगी पडावं म्हणूनच तर शिकले.

८ मार्च
वॉर्डात पान सुरू झालं.

११ मार्च
एका आजोबांना त्यांच्या अंगाला न चालणारं इंजेक्शन दिलं गेलं. श्वास कोंडला. वाचले.
धावत गेले. इंजेक्शन देणाऱ्या मोठ्या सिस्टर संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवत होत्या. "पोरी, न चालणारी औषधं लिहिलीयत कुठे? मला तर दिसली नाहीत."
लिहिली होती. अगदी तळाशी — मी झाकलेल्या भागात.
पान तपासायला आम्ही बनवलेल्या प्रत्येक खोट्या रुग्णाला एकच औषध होतं. आजोबांना नऊ, म्हणून ती ओळ खाली ढकलली गेली. असं होईल हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही.
"बघते," एवढंच म्हणाले. भित्री!

१२ मार्च
आता मजकूर आल्यावरच उंची मोजली जाते. काही झाकलं जात नाही. न चालणारी औषधं सगळ्यात वर, लाल.
घाईसाहेब म्हणाले, "नवं पान गुपचूप चढव. बोभाटा नको. माणूस वाचला ना?"
चढवलं.

१४ मार्च
सिस्टरना घरी बसवलं!
चौकशीत पान उघडलं — दुरुस्त केलेलं. सगळ्यात वर लाल ओळ. "एवढं समोर असून वाचलं नाही?" सव्वीस वर्षं नोकरी केली त्यांनी. त्यांना स्वतःलाच आता वाटतंय म्हणे, की आपलीच नजर चुकली.
घाईसाहेबांना म्हटलं, सांगायला हवं. "तुझी नोकरी जाईल. माझीही. घरी काय तोंड दाखवशील?"

१५ मार्च
जुनं पान आजोबांच्याच माहितीवर पुन्हा उभं केलं. छापलं. खाली लिहिलं — 'हे मी झाकलं. सिस्टरना दिसणं शक्यच नव्हतं.' सही केली.
चौकशीच्या खोलीबाहेर बसलेय. आत बोलावलं.